गाळाचे संवर्धन

सांगोला तालुका पर्जन्यछायेतला. माण नदी वर्षातला बराच काळ वाळूच दाखवते, पण श्रमदानाला इथे तोटा नाही. 2016 ते 2019 या काळात राज्यभर ‘वॉटर कप’ या जलसंधारण स्पर्धेचे वारे वाहत होते. स्पर्धा 45 दिवसांची, तीही ऐन उन्हाळ्यात. अनेक माळांवर चर उमटले.

या चळवळीची खरी दूरदृष्टी 46व्या दिवसापासून दिसते.

समतल चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल. उतारावरून पळणारे पाणी त्यात थांबते, मुरते. पाण्याबरोबर आलेली मातीही तिथेच मुक्काम ठोकते. काही पावसाळ्यांत चराची जागा पुन्हा सपाट, टिकाव मारण्याजोगी होते. अडाणी माणूस याला देखभालीचा अभाव म्हणेल. पण चर स्वच्छच राहिला, तर पुढच्या उन्हाळ्यात पाहुण्यांनी नारळ फोडायचा कुठे? फेटा बांधून पहिले घमेले उचलायचे कुठले?

शिवाय सरकारचीच योजना आहे, 2017 सालची : ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. चर शिवारातच असतो. म्हणजे निम्मे उद्दिष्ट डिझेलचा थेंबही न जाळता पूर्ण.

आता तालुकानिहाय गाळ संवर्धन समित्या नेमाव्यात, हे उत्तम. धोका एकच. एखाद्या गावात एखादा म्हातारा निघतोच. शेरडं चरत असतात आणि हा खोऱ्याने चरातला गाळ उपसून बांधावर टाकतो. ना बॅनर, ना फोटो. समितीने पहिल्याच बैठकीत त्याला नोटीस काढावी : श्रमदानात अडथळा आणल्याबद्दल.