कन्या राशीचा मधुमेह

एका दैनिकाच्या पुरवणीत मी रोज बारा राशींचं भविष्य लिहीत असे. नाव माझं नसे. नाव आणि फोटो एका पंडितजींचा: कपाळाला गंध, गळ्यात रुद्राक्ष आणि नजर अशी, की आपले थकलेले हप्ते त्यांना तिथून दिसतायत. पंडितजींनी वयोमानानुसार लिहिणं केव्हाच थांबवलं होतं. पण वाचकांना त्या फोटोची सवय झाली होती आणि मालकांना वाचकांची. तेव्हा उपसंपादकांत ज्याची भाषा बरी आणि तक्रार करण्याची वृत्ती कमी, अशा माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे, ग्रहमंडळाचा चार्ज आला.

काम अवघड नव्हतं. राशीला वीस शब्द. मरण, घटस्फोट आणि शेअर बाजार वर्ज्य. जुनी येणी वसूल करून द्यायची, हितशत्रूंपासून सावध करायचं, वरिष्ठांची मर्जी राखायची, मनोबल वाढवायचं. काहीच सुचलं नाही तर 'वाहने जपून चालवा'. पुण्यात हे वाक्य कुठल्याही राशीला कुठल्याही दिवशी लागू पडतं. मेष पहिली, म्हणून तिचं भविष्य कायम भरघोस. मीन शेवटची. ऐनवेळी टायरची जाहिरात आली की पान लावणारा खालून कापत येई, त्यामुळे मीन राशीच्या लोकांना कित्येकदा अर्ध्या वाक्यावर दिवस काढावा लागला. त्यांच्यापैकी एकानेही कधी तक्रार केली नाही. मीन राशीचा स्वभावच सोशिक, असं मी पुढे वर्षभविष्यात लिहूनही टाकलं.

या धंद्याचा मूळपुरुष विलायतेचा. 1930 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'ने नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचं भविष्य आर. एच. नेलर नावाच्या ज्योतिषाकडून लिहून घेतलं. ऑक्टोबरात त्याने ब्रिटिश विमानांना धोका असल्याचं लिहिलं आणि त्याच सुमारास 'आर 101' हे अवाढव्य हवाई जहाज फ्रान्समध्ये कोसळलं. झालं, नेलरचं सदर कायमचं चालू झालं. आमच्या पंडितजींच्या हातून असं काही कोसळलं नाही. त्यांची सगळी भिस्त येणी वसूल होण्यावर.

अडचण एकच होती, आमची लेक.

पोर हुशार आहे हे सगळेच आईबाप म्हणतात. आम्ही म्हणत नसू, कारण आम्हाला तिची भीती वाटायची. दुसऱ्या शनिवारी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी व्याख्यान असे, तिथे ती जायची आणि घरी येऊन ते व्याख्यान आम्हाला पुन्हा द्यायची, मधल्या त्रुटी भरून काढून. न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट हे चौघे तिथल्या अंगणात पुतळे होऊन बसलेत. त्यांच्याबद्दल ती शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसांसारखं बोलायची. अशा मुलीला, बाबा ऑफिसात बसून वृश्चिकेला धनलाभ घडवतो, हे कसं सांगणार? "तू लाच घेतोस असं सांगितलं तरी एक वेळ समजून घेईल," बायको म्हणाली, "हे नाही." शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय 'पत्रकार' असा लिहिला. पण 'पत्रकार म्हणजे नक्की काय लिहितोस?' हा प्रश्न यायचा तो आलाच. बायको तत्परतेने म्हणाली, "बाबा शब्दकोडं करतो."

वास्तविक शब्दकोडं एक निवृत्त संस्कृत शिक्षक घरून करून पाठवत. पण आता मी शब्दकोडेकार झालो. लेक दर रविवारी पेन्सिल घेऊन बसायची आणि माझ्या चुका काढायची. "बाबा, उभ्या चारमध्ये 'की' दीर्घ आहे आणि आडव्या अकरामध्ये तोच चौकोन ऱ्हस्व होतोय." मी ओशाळून हो म्हणायचो आणि सोमवारी ती दुरुस्ती गुरुजींना कळवायचो. गुरुजींनी दोनतीनदा ऐकून घेतलं. मग संपादकांना पत्र लिहिलं, की आपला एक उपसंपादक माझ्या कोड्यावर डोळा ठेवून आहे.

दुसऱ्या बाजूला होती माझी आई. तिचा पंडितजींवर गाढ विश्वास. सकाळच्या चहाला ती चष्मा लावून भविष्य मोठ्याने वाचायची, आधी स्वतःची कन्या, मग घरातल्या प्रत्येकाची रास. पंडितजी म्हणजे आपलाच मुलगा, हे तिलाही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर तिचा ज्योतिषावरचा नाही, माझ्यावरचा उरलासुरला विश्वास उडाला असता. म्हणजे एकाच टेबलावर एकीपासून लपवायचं, कारण तिचा विश्वास नाही, आणि दुसरीपासून लपवायचं, कारण तिचा आहे. मधे मी, बशीत बिस्कीट बुडवत.

आजी वाचायची म्हणून नातीच्या कानावर पडायचं, आणि कानावर पडलं की ती तपासायची. राशींच्या आधी पंडितजी 'आज चंद्र अमुक राशीत' अशी एक ओळ देत. ती ओळ मी मनाला येईल तशी द्यायचो. एका मंगळवारी लेक वहीसकट टेबलावर आली. "आजी, तुझ्या पंडितजींचा चंद्र काल वृषभेत होता, आज तुळेत आहे. एका दिवसात पाच राशी. खरा चंद्र दिवसाला साधारण तेरा अंश सरकतो, एका राशीला सव्वादोन दिवस घेतो. हा अकरापट वेगाने पळाला. एवढा वेग असेल तर तो पृथ्वीभोवती फिरणारच नाही, सोडून निघून जाईल."

"पंडितजींनी काहीतरी बघूनच लिहिलं असेल," आई म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी अप्पा बळवंत चौकातून दाते पंचांग आणलं आणि ऑफिसच्या खणात ठेवलं. पुढे लेकीने अयनांश काढला, वक्री ग्रह काढले, अमावास्येची वेळ काढली. ती सकाळी चूक काढी, मी दुपारी ती सुधारी. काही महिन्यांत सदर इतकं चोख झालं की कोल्हापूरच्या एका व्यावसायिक ज्योतिषांचं पत्र आलं: हल्ली पंडितजींचा गणिताचा व्यासंग जाणवतो, नव्या पिढीने हा आदर्श घ्यावा. संपादकांनी ते चौकटीत छापलं. विवेकवादी मुलीच्या देखरेखीखाली चालणारं महाराष्ट्रातलं ते एकमेव राशिभविष्य असावं.

मग शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. लेकीने विषय निवडला 'वृत्तपत्रीय राशिभविष्य', आणि तयारीसाठी मला सोबतीला घेतलं. तेव्हाच मी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा फलज्योतिषावरचा प्रयोग नीट वाचला. 2008 मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. 100 अतिशय हुशार मुलांच्या, 100 बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या. त्या मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलं कुठली? 51 जणांनी पत्रिका नेल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. अचूकतेची सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर चार टक्के जास्त मिळाले असते. वाचून मला घाम फुटला, तो आकड्यांमुळे नव्हे. पत्रिकेवरून हुशार मूल ओळखता येत नाही हे ठीक, पण हुशार मुलाला पत्रिकेवरून बाप ओळखता येतो की काय, एवढंच मला कळायला हवं होतं.

प्रदर्शनासाठी तिने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररचा 1948 चा प्रयोग केला. फोररने वर्गातल्या प्रत्येकाला 'हे खास तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर वाटला होता. मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. लेकीने पंडितजींची वृश्चिक घेतली, राशीचं नाव कापलं आणि अख्ख्या वर्गाला तीच वाटली: 'तुमच्या मनात खूप काही आहे, पण ते समजून घेणारं माणूस अजून भेटलेलं नाही.' बहुतेकांनी ते शंभर टक्के आपलंच म्हणून सांगितलं. एक मुलगा रडला. पोस्टरवर तिने निष्कर्ष लिहिला, 'लेखकाला विषयाचं ज्ञान नाही, पण माणसांचं आहे.' इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या लेखनावर कुणी दिलेला एवढा चांगला अभिप्राय तो एकच. आणि तो घरात कुणाला दाखवायची सोय नव्हती!

प्रदर्शनासाठी तिने काही महिन्यांची कात्रणं वहीत डकवली होती. मला पकडलं ते त्या वहीने.

माझ्या आईला मधुमेह आहे. डॉक्टरांचं ती ऐकत नसे. डॉक्टर तिच्या मते 'कालचा पोरगा' होता. जेवणानंतरची साखर अडीचशेच्या वर गेल्याचा रिपोर्ट आला त्या रात्री मी, अगतिक होऊन, लिहिलं: 'कन्या: गोड पदार्थांपासून चार हात दूर राहा.' सकाळी आईने वाचलं, चष्मा काढला आणि आंब्याच्या वडीचा डबा शेजारी देऊन टाकला. मग काय, मला चटकच लागली. 'कन्या: औषधे वेळेवर घ्या.' 'कन्या: पायांची निगा राखा.' 'कन्या: सायंकाळी अर्धा तास चालणे लाभदायक.' संक्रांतीला 'तिळगूळ वाटा, खाऊ नका' इथपर्यंत गेलो.

एका रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, कन्या राशीला मधुमेह आहे."

"म्हणजे?"

"बाकी अकरा राशींना आरोग्याची काळजी घ्या, एवढंच. कन्येला साखर, पाय, गोळ्या, चालणं. महाराष्ट्रात जेवढी कन्या राशीची माणसं आहेत, त्या सगळ्यांना मधुमेह. आणि तो आजीचा रिपोर्ट आला की दुसऱ्या दिवशी वाढतो."

आई आत जपाला बसली होती. बायको कुकरची शिट्टी बघायला उठली. कुकर लावलेला नव्हता.

मी मान्य केलं. रडारड होईल, तत्त्वांचं भाषण होईल, अशी तयारी ठेवली होती. ती शांतपणे आमटी ओरपत राहिली. मग विचारलं, "आजीची साखर खरंच उतरली?" उतरली होती. याचा मात्र तिला राग आला. "एकाच माणसावर प्रयोग. तुलनेला दुसरा गट नाही. यातून काही सिद्ध होत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "आजीला सांगायचं नाही. जिच्यावर प्रयोग चालू आहे तिला कळलं की निष्कर्ष बिघडतो." मला वाटलं, सुटलो.

मार्चात तिचं काम निघालं. टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची ती सभासद होती. ही 1944 पासूनची हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था. आजीने नाव ऐकून वर्गणी आनंदाने भरली होती. आता मेसिएच्या यादीतले 110 तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका एका रात्रीत पाहायची मॅरेथॉन होती, पुण्याबाहेर, उघड्या माळावर. आजीचा सक्त नकार. वयात आलेली मुलगी रात्रभर बाहेर नाही. लेक माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "शनिवारच्या कन्येत लिही: नातवंडांना रात्रीच्या प्रवासास अडवू नका. 'शक्यतो' नको, आजी 'शक्यतो' मानत नाही."

तत्त्वनिष्ठ पोरीने असं सांगावं याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट सहकारी मिळाल्यासारखं वाटलं. पण एवढं उघड लिहिणं पंडितजींच्या शैलीत बसेना, म्हणून मी सफाईदार केलं: 'नातवंडांचा रात्रीचा प्रवास सुखाचा. साथ द्या.'

आईने वाचलं, दोनदा वाचलं, आणि स्वेटर, कानटोपी, सतरंजी बाहेर काढली. पंडितजींनी साथ द्यायला सांगितली होती. लेकीने माझ्याकडे जे पाहिलं ते कुठल्याच राशीत छापण्याजोगं नव्हतं.

दोघी गेल्या. रविवारी सकाळी परत आल्या तेव्हा आई लालबुंद झालेली. बसमध्ये त्रास झाला असेल म्हणून मी पाणी आणलं, तर म्हणाली, "तुमच्या पेपरातला तो पंडित लबाड आहे."

झालं होतं असं. आईची साडेसाती चालू होती. 15 नोव्हेंबर 2011 ला शनी कन्येतून तुळेत गेला, तेव्हा पंडितजींनी चार ओळी जास्त घेऊन 'कन्या राशीला मोठा दिलासा, शनी आपल्या राशीतून बाहेर' असं लिहिलं होतं. पंचांगात बघून लिहिलं होतं. त्यावर आईने मारुतीला तेल वाहिलं होतं. आणि काल रात्री दुर्बिणीतून तिने शनी स्वतः पाहिला, कड्यासकट. संस्थेच्या मुलाने हात करून दाखवलं: ही चित्रा, हा तिच्या शेजारी शनी, आणि हा सगळा कन्या तारकासमूह.

मी समजावू लागलो. पंचांगातल्या राशी म्हणजे तीस-तीस अंशांचे सारखे भाग, आकाशातले तारकासमूह लहानमोठे. चित्रेपाशी पंचांगाची कन्या संपते, आकाशातली तिच्याही पुढे पसरलेली आहे. मला एवढं सगळं कसं ठाऊक, हे आईच्या लक्षात आलं नाही. नातीच्या आलं. ती तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"मला नको सांगूस," आई म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलाय. तो अजून माझ्याच राशीत बसलाय." आणि तिने संपादकांना पत्र लिहायला घेतलं. मुद्दे नातीने काढून दिले, तारकासमूहाची आकृतीसुद्धा. पाकीट बंद करून आईने माझ्या हातात दिलं. मी त्याच ऑफिसात शब्दकोडं करायला जात होतो ना!

"त्या माणसाच्या टेबलावरच नेऊन ठेव," ती म्हणाली. "आणि उत्तर काय देतो ते त्याच्या तोंडावर उभा राहून बघ."