कॅमेऱ्याची बोली

भाचा परगावी जाताना त्याचा जुना वेबकॅम माझ्याकडे टाकून गेला. सुपारीएवढा डोळा, मॉनिटरला धरायला चिमटा आणि मागे लांबलचक शेपूट. माझ्या संगणकावर लिनक्स आहे, तीही त्याचीच कृपा. कॅमेरा जोडला, पण तो नुसताच बसून राहिला. लग्नघरी आपण वरपक्षाचे की वधूपक्षाचे हे कुणी विचारलंच नाही, म्हणून कोपऱ्यात पान चघळत बसलेल्या पाहुण्यासारखा. इकडे साताऱ्याच्या आक्काला मी शब्द देऊन बसलो होतो, ‘रविवारी तुला तोंड दाखवतो.’

ड्रायव्हर घालावा लागतो, एवढं ऐकून ठाऊक होतं. मग तीन रात्री टर्मिनलच्या काळ्या खिडकीपुढे बसलो. ‘सुडो’ म्हटलं की ती पासवर्ड मागते आणि आपण टंकत असताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटू देत नाही. अंधाऱ्या माजघरात फडताळातला गुळाचा डबा चाचपावा, तसा मी माझाच पासवर्ड चाचपत होतो. काय काय जोडलंय ते विचारणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या हुकमाला मात्र तिने मुकाट उत्तर दिलं: यादीत माउसच्या खालीच कॅमेऱ्याचं नाव. म्हणजे पाहुणा आलाय हे घराला कळलेलं होतं. लिनक्सच्या घरात कॅमेरा म्हणजेही एक फाइलच, नाव ‘व्हिडिओ-शून्य’. पहिल्या लेकराला शून्य म्हणणारं हे घराणं!

तिसऱ्या रात्री उमगलं, की ड्रायव्हर मुळात घालायचाच नव्हता. फ्रान्समधल्या एका डॉक्टरांनी, रोगी तपासणाऱ्या खऱ्याखुऱ्या डॉक्टरांनी, हौसेखातर 200हून अधिक वेबकॅमना चालेल असा ‘जीएसपीसीए’ ड्रायव्हर लिहिला आणि 2008 साली तो लिनक्सच्या गाभ्यातच सामावला. मी गावभर शोधत होतो तो घरातच हातपाय धुऊन बसला होता. अडत होतं ते बोलीवरून. कॅमेरा चित्र आपल्याच बोलीत आवळून पाठवत होता आणि ब्राउझरला ती कळत नव्हती. मध्ये ‘व्हीफोरएल2कन्व्हर्ट’ नावाचा दुभाषा बसवला, एका ओळीचं काम, आणि काळ्या चौकटीत मी उगवलो. बनियनवर, टकलावर ट्यूबलाइट घेऊन. रात्रीचा दीड वाजला होता. दाखवायला कुणी नव्हतं, तेव्हा मीच मला हात केला.

रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलो. आक्काने फोन उचलला आणि जन्माच्या सवयीने कानाशी धरला.

‘अगं, समोर धर!’

‘समोर धरलं तर ऐकू कसं यायचं?’

जगातला पहिला म्हणतात तो वेबकॅम 1991 साली केंब्रिजमध्ये कॉफीच्या भांड्यावर रोखलेला होता. जागचं न उठता कॉफी उरलीय का ते कळावं म्हणून. त्यामानाने कान बरा. माझा सदरा तिने पाहिलाच नाही. अर्धा तास ती पाऊस, गुडघे, शेजारचं भाडेकरू जोडपं यांबद्दल बोलत राहिली आणि मी पडदाभर तिचा कान पाहत राहिलो. कानात आईची कुडी होती. खालचा एक मोती पिवळटलाय, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

‘दिसतेय का रे मी?’ तिने विचारलं.

‘दिसतेस की.’