ट्रेलर जातो कुठे?

आमच्या सोसायटीतली पोरं ज्यांना 'प्राइमकाका' म्हणतात ते गृहस्थ एका सहकारी बँकेत ऑडिटर आहेत. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट बेताचं, डोक्यावरचे केस त्याहून बेताचे. इतरांच्या घरी ज्या काचेच्या कपाटात डिनर सेट आणि मुलांची मेडल्स असतात, त्या कपाटात यांच्याकडे ट्रकचे रोबोट आणि रोबोटचे ट्रक होणारी खेळणी ओळीनं उभी असतात. आता इथे 'दिवसा ऑडिटर, रात्री भलतेच कोणीतरी' असं वाक्य टाकायचा मोह होतो. पण ते खरं नाही. प्राइमकाका दिवसा ऑडिटर असतात आणि रात्रीही ऑडिटरच असतात. रात्री फक्त समोर कॅशबुक नसतं, ऑप्टिमस प्राइम नावाचा रोबोट असतो.

संग्रह करणारी माणसं आपल्याकडे नवी नाहीत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर उभं राहून कोणी हसत नाही. पण अडकित्ता घरी आणल्यावर रात्री अकरा वाजता पंखा बंद करून, मोबाइल स्टँडला लावून, 'नमस्कार मंडळी, आज आपण या अडकित्त्याचं आर्टिक्युलेशन बघणार आहोत' असं कोणी म्हणत नाही. काकांची जमात ते म्हणते. नुसतं जमवून या लोकांचं भागत नाही. जमवलेल्याचा रिव्ह्यू करावा लागतो.

या खेळण्यांचा इतिहास काकांकडून ऐकायचा असेल तर जेवून जावं. टाकारा नावाची जपानी कंपनी. तिनं 1980 मध्ये डायाक्लोन नावाची मालिका काढली. त्यातल्या गाड्यांचे रोबोट होत, आणि त्या रोबोटांत बसायला बोटाच्या पेराएवढे ड्रायव्हर असत. मग 1983 मध्ये मायक्रो चेंज आली. तिच्यात कॅसेट प्लेअर, पिस्तूल, मायक्रोस्कोप असल्या घरात सापडणाऱ्या वस्तूंचे रोबोट होत. अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं या दोन्ही घरची पोरं उचलली, एकाच आडनावाखाली आणली आणि 1984 मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात उभी केली. नावं आणि स्वभाव मार्व्हल कॉमिक्सच्या लेखकांकडून लिहून घेतले. म्हणजे बाळं आधी जन्मली, पत्रिका मागाहून मांडली.

इथपर्यंत सगळं ठीक. पण ऑडिटर माणूस इथेच अडतो. डायाक्लोनच्या गाड्या म्हणजे खऱ्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती, तर मायक्रो चेंजच्या वस्तू जवळपास खऱ्याच मापाच्या. दोन्ही एका कुटुंबात आल्यावर अठराचाकी ट्रक आणि शर्टाच्या खिशातला कॅसेट प्लेअर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यावर कडी म्हणजे मेगॅट्रॉन. साऱ्या खलनायकांचा हा म्होरक्या मूळ खेळण्यात वॉल्थर पी-38 पिस्तूल व्हायचा, आणि झाला की कोणीतरी त्याला हातात धरून चालवायचं! "अहो, राजा स्वतः तलवार होऊन शिपायाच्या हातात जातो का?" काका विचारतात. जगातल्या लाखो मुलांना हा प्रश्न 1984 साली पडला नाही. काकांना तो अजून रात्री झोपू देत नाही.

आणि ट्रेलर. ऑप्टिमस प्राइम म्हणजे तांबड्या केबिनचा ट्रक, मागे राखाडी ट्रेलर. केबिनचा रोबोट होतो. मग ट्रेलर? खेळण्यात तो बाजूला पडून राहतो, उघडला तर त्याचा लढाऊ तळ होतो, आत रोलर नावाची छोटी गाडी असते. ते सगळं नोंदीत आहे. पण ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये प्राइम उभा राहिला की ट्रेलर चौकटीबाहेर घरंगळत जातो आणि नाहीसा होतो. पुन्हा ट्रक व्हायची वेळ आली की बिनबोभाट हजर. एवढी मोठी मालमत्ता ताळेबंदातून जाते आणि परत येते, मधल्या काळाचा हिशेब कुठेच नाही. काकांनी यावर केलेला व्हिडिओ त्यांच्या व्हिडिओंत सर्वांत लांब आहे. शेवटी ते म्हणतात, "थोडक्यात, खुलासा समाधानकारक नाही."

रिव्ह्यूच्या रात्री मी एकदा हजर होतो. पलंगावर निळा कार्डपेपर, दोन टेबल लॅम्प, मापासाठी पार्ले-जीचा पाच रुपयांचा पुडा. व्हिडिओत काकांचा चेहरा दिसत नाही, नुसते हात. नखं कापलेली, बोटं सावध. आधी खोका. खोक्याचे कोपरे दबलेत का. मग रोबोट बाहेर येतो आणि काका त्याच्याकडे नुसते बघत राहतात, बोलत नाहीत. मग मान फिरवायची, खांदा उचलायचा, कोपर नव्वद अंशांच्या पुढे जातं का बघायचं, कंबर वळते का, पायाचा घोटा आत कलतो का. गुडघ्यात रॅचेट असेल तर 'कट् कट् कट्' आवाज येतो. काका तो माइकजवळ नेऊन ऐकवतात आणि त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे समाधान असतं ते त्यांच्या मुलीला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हाही दिसलं नव्हतं, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, म्हणणं.

त्यानंतर किबल. रोबोट झाल्यावर अंगावर इकडेतिकडे लोंबणारे गाडीचे उरलेले भाग, दारं, चाकं, बंपर, यांना या मंडळींत किबल म्हणतात. सगळं पाठीवर गोळा केलं असेल तर बॅकपॅक. रोबोटच्या अंगावर नुसती गाडीची सालं चढवली असतील तर शेलफॉर्मर, आणि एखादा भाग काढून बाजूला ठेवावा लागत असेल तर पार्ट्सफॉर्मर. शेवटच्या दोन शब्दांचा उच्चार काका ज्या सुरात करतात त्या सुरात बँकेत फक्त 'अफरातफर' म्हणतात.

पण त्यांचा खरा राग खोट्या खिडक्यांवर. मूळ प्राइमच्या छातीवर ज्या दोन खिडक्या दिसतात त्या ट्रकच्याच समोरच्या काचा. केबिन उभी राहते, काचा छाती होतात. त्यात लबाडी नाही. अलीकडच्या कित्येक नव्या प्राइममध्ये मात्र रोबोट सुबक दिसावा म्हणून छातीवर दुसऱ्याच खिडक्या बसवतात, आणि ट्रकच्या खऱ्या काचा घडी घालून पाठीत दडवतात. "दोन वह्या!" काका कॅमेऱ्यासमोर ओरडतात. "एक दाखवायची, एक खरी!" शेजारच्या खोलीतून वहिनी ओरडतात, "हळू बोला, आई झोपल्यात."

रूपांतर चालू असताना कोणी बोलायचं नाही. पॅनेल उलटतं, टॅब खाचेत बसतो, हात खांद्यामागे जातात. मध्येच एखादा सांधा अडतो. काका श्वास रोखतात. जोर लावला तर प्लास्टिकवर पांढुरका ओरखडा उमटतो. तो स्ट्रेस मार्क, तो आयुष्यभर जात नाही. शेवटी 'टक्' आवाज येऊन केबिन बंद होते. मग दोष. उजव्या चाकावर रंगाचा ठिपका. डाव्या दाराची फट उजवीपेक्षा केसभर मोठी. मुठी फिरतात पण उघडत नाहीत. हेडलाइट रंगवलेले नाहीत, "आणि किंमत बघा!" तासभर असा पंचनामा झाल्यावर कोणालाही वाटेल की हे खेळणं आता फौजदारीत जाणार. काका घसा खाकरतात आणि निकाल देतात : "तरी घ्यावा." मी त्यांचे जेवढे व्हिडिओ बघितले त्या सगळ्यांचा निकाल हाच आहे. शेरे कडक, पण ताळेबंद मंजूर. ज्या खेळण्यात त्यांना काहीच खोट सापडली नाही असा एक नमुना कपाटात आहे. तो ते कधी हातात घेत नाहीत.

घ्यावा म्हणजे कसा घ्यावा, ही दुसरी कथा. टाकारानं सुरू केलेली मास्टरपीस मालिका 2003 पासून निघते, मोठ्या माणसांसाठी, मोठ्या माणसांच्या पगारात. आपल्याकडे आयात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली आणि 2023 मध्ये 70 वर. तेव्हापासून काकांच्या घरी अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांचं स्वागत जरा जास्तच प्रेमानं होतं. न्यू जर्सीचा भाचा डिसेंबरात येतो. त्याच्या बायकोनं बॅगेत स्वतःच्या सासूसाठी ठेवलेली जागा आणि काकांनी मागवलेला खोका यांचा वाद दरवर्षी थँक्सगिव्हिंगपासून सुरू होतो. एका वर्षी काकांनी मेगॅट्रॉन मागवला. तोच, पिस्तुलाचा. भाच्याला विमानतळाच्या कल्पनेनंच घाम फुटला. काकांनी फोनवर धीर दिला, "अरे, रोबोट करून आण. रबरबँड लाव. आणि कोणी विचारलंच तर फक्त रोबोटच दाखव, हौसेनं पिस्तूल करून दाखवू नकोस." भाच्यानं मेगॅट्रॉन आणलाच नाही, आईसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या आणल्या. काकांनी त्या बाटल्यांच्या झाकणांचाही रिव्ह्यू केला, पण तो मनानं नव्हता.

वहिनींचा या सगळ्याला विरोध आहे असं समजू नये. त्यांनी फक्त काही नियम घातलेत. किंमत विचारली की खरी सांगायची. (काका एक शून्य गाळून सांगतात, वहिनी एक शून्य वाढवून ऐकतात, व्यवहार चोख.) गणपतीच्या दिवसांत कपाट चादरीनं झाकायचं नाही, कारण येणारी पोरं आरतीपेक्षा त्यासाठीच येतात. आणि पोरांना हात लावू द्यायचा.

या शेवटच्या नियमानं काकांचं रक्त आटतं. आठव्या मजल्यावरचा एक चिरंजीव साउंडवेव्ह नावाचा रोबोट हातात घेऊन म्हणाला, "काका, हा कशाचा होतो?" कॅसेट प्लेअरचा. "म्हणजे काय?" काकांनी त्याच्या छातीचं दार उघडून आतली कॅसेट काढली, तिचा लेझरबीक पक्षी केला, परत कॅसेट केली, आत घातली. पोरगा म्हणाला, "पक्षी कळला. पण आधी ते चौकोनी काय होतं?" मग काकांनी माळ्यावरून भीमसेनांच्या कॅसेटी काढल्या, पेन्सिल आणली, रीळ कसं गुंडाळायचं ते दाखवलं. पोरानं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "ह्याचं काय होतं?"

कपाटाच्या वरच्या कप्प्यात मात्र पोरांनाच काय, काकांनाही हात लावायला बंदी. तिथे सोनेरी प्लास्टिकची जुनी खेळणी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून काही खेळण्यांत प्लास्टिकमध्येच सोनेरी चमक मिसळत, आणि ते मिश्रण काही वर्षांत असं ठिसूळ होतं की नुसता सांधा हलवला तरी बिस्किटागत भुगा. संग्राहकांत याला रीतसर रोगाचं नाव आहे, गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम. वहिनींना ते कळलं त्या दिवशी त्या इतकंच म्हणाल्या, "सोन्यातच घालायचे होते पैसे, तर पु. ना. गाडगीळ काय बंद पडलं होतं?"

त्याच कप्प्यात फनस्कूलचा एक रोबोट आहे. नव्वदच्या दशकात फनस्कूलनं हॅस्ब्रोच्या परवान्यानं इथे ट्रान्सफॉर्मर्स विकले, आणि त्यातल्या काहींचे रंग अमेरिकेतल्या मूळ रंगांशी जुळत नाहीत. म्हणूनच परदेशातले लोक आता ते शोधत फिरतात. बाकी जगाला जपानी माल हवा, आणि जपानी माल जमवणाऱ्यांना आमच्या दुकानातला. हे सांगताना काकांची छाती फुगलेली दिसते, खोट्या खिडकीशिवाय.

1986 च्या ट्रान्सफॉर्मर्स सिनेमाचा विषय मात्र त्यांच्याकडे काढू नये. त्यात ऑप्टिमस प्राइम मरतो. का मरतो? जुन्या मालाची दुकानातली जागा नव्या मालाला हवी होती म्हणून. युद्धात, प्रेमात, दारूनं मेलेले नायक पुष्कळ आहेत. दुकानातली फळी मोकळी व्हावी म्हणून मेलेला हा विरळाच. अमेरिकेत थिएटरात मुलं एवढी रडली की पुढच्याच वर्षी त्याला परत जिवंत करावं लागलं. "राइट ऑफ केलेली एंट्री रिव्हर्स केली," काका म्हणतात, आणि चष्मा पुसतात.

गेल्या महिन्यात आमच्याकडे सोफा-कम-बेड आला. सासूबाई राहायला यायच्या होत्या. काका बघायला आले, बसले नाहीत. खाली वाकले. बिजागरी हलवली. "सोफा मोड छान आहे," म्हणाले. "बेड मोडमध्ये हाताचं किबल राहतं हो. आणि ही मधली फट बघा, टॅब नीट बसत नाही." बायको म्हणाली, "बदलून देतील का?" काका म्हणाले, "नको नको, तरी घ्यावा." मग उत्साहात त्यांनी त्याचा बेड केला, परत सोफा करायला गेले आणि तिसऱ्या टप्प्यावर तो अर्धवटच अडकला, ना बसता येतं, ना झोपता. इन्स्ट्रक्शनचा कागद डिलिव्हरीवाल्यानं थर्मोकोलबरोबर नेला होता. सासूबाई बॅग घेऊन दारात उभ्या. काका टॉर्च घेऊन खाली शिरलेले, त्यांचे फक्त पाय दिसत होते. मी घाबरून वहिनींना फोन लावला.

"अहो, त्यांना म्हणावं जोर लावू नका," वहिनी पलीकडून म्हणाल्या, "स्ट्रेस मार्क येईल."