विष उतरवण्याचे शास्त्र

सर्पदंशावरील मंत्रोपचार ही गोंदिया जिल्ह्यातील एक जुनी, बिनभांडवली आरोग्यसेवा आहे. तिचा हंगाम पावसाळ्यात, धानाच्या रोवणीबरोबर सुरू होतो. दिवसा पाय बांधीच्या चिखलात, रात्री अंथरूण जमिनीवर. सापाला दोन्ही ठिकाणे सोयीची. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा जंगलालगतच्या तालुक्यांत मांत्रिकाचे घर बहुधा दवाखान्यापेक्षा जवळ असते आणि ते रात्रीही उघडे असते, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे.

सेवेचे यश डोळे दिपवणारे आहे. भारतात सापांच्या सुमारे ३०० जाती. त्यांतल्या साठेक विषारी, आणि माणसे मुख्यतः मारतात ती नाग, मण्यार, घोणस व फुरसे ही चौकडी. विषारी सापही पुष्कळदा चावताना विष सोडत नाही. म्हणून धामण चावलेला माणूस मंत्राने हमखास उठून बसतो. बेचा पाढा म्हटला असता तरी तो उठलाच असता, पण पाढे म्हणणाऱ्याला कोणी नारळ देत नाही.

निदानासाठी कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेले नाही. मण्यार या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पाला व्यवस्थित कडू लागतो. काही तासांनी पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. वर सांगितलेल्या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस शिरेतून द्यावी लागते, आणि श्वास थांबू लागल्यास कृत्रिम श्वासाचे यंत्र लागते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पाल्याची चव विचारत नाहीत.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठीचे विधेयक वर्षानुवर्षे रखडले, कारण धर्म संकटात असल्याचा शोध सनातनी संघटनांना लागला होता. हा कायदा आला की वारी बंद, सत्यनारायण बंद, असे गावोगाव सांगितले गेले. विषाचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, तेव्हा कुठे आठवडाभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच ते पन्नास हजार रुपये दंड. वारी, कीर्तन, प्रवचन यांना त्यात अभय आहे. नंदीबैलवाल्याचे भविष्यही सुरक्षित आहे. ज्या धर्माला हा कायदा बुडवणार होता, त्याची यादी कायद्यानेच जपून ठेवली.

सर्पदंशाच्या कलमात ‘रोखणे’ महत्त्वाचे. मुरलेला मांत्रिक कोणालाही रोखत नाही. तो राख लावतो, दोरा बांधतो आणि सकाळपर्यंत वाट पाहायला सांगतो. रुग्णाला घेऊन आलेले घरचेच असल्याने ते वाट पाहतात, आणि पुढे काही झालेच तर फिर्याद द्यायलाही त्यांनाच जावे लागते.