हेफे

स्पॅनिशमध्ये ‘हेफे’ म्हणजे साहेब. पण माद्रिदमध्ये ही हाक ऑफिसातल्या साहेबापेक्षा गल्लीतल्या खानावळवाल्याच्या वाट्याला जास्त येते. “हेफे, एक बिअर!” “हेफे, किती झाले?” आपण रिक्षावाल्याला ‘बॉस’ म्हणतो, तसंच. बॉस म्हटलं म्हणून रिक्षा आपल्या दिशेला येतेच असं नाही, आणि हेफे म्हटलं म्हणून जेवायला मिळतंच असंही नाही.

साठीकडे झुकलेला, खांद्यावर फडकं, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर ‘आता काय?’ असा भाव असलेला हा गृहस्थ स्पेनच्या दर दुसऱ्या गल्लीत सापडतो. माझ्या वाट्याला आलेला हेफे चांबेरी भागातला. नोकरीनिमित्त मी तिथे वर्षभर राहिलो आणि माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्याची खानावळ होती. टेबलं नऊ. बायको हिशेबाला, मुलगा वाढायला, आणि आत चुलीपाशी ऐंशी ओलांडलेली आई. तिला अख्खी गल्ली ‘आबुएला’ म्हणजे आजीच म्हणायची.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, पोटात कावळे ओरडत असताना मी आत शिरलो. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या.

“जेवायला मिळेल?”

हेफेने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दुपारचं राहिलंय, की रात्रीचं आत्ताच हवंय?”

कोपऱ्यातल्या टेबलावर त्याची मंडळी जेवत होती. मसुराच्या आमटीसारखं काहीतरी होतं आणि वास असा सुटला होता की मी नकळत तिकडे दोन पावलं सरकलो.

“ते आमचं,” हेफे म्हणाला. “तुमचं नऊला.”

एवढं बोलून त्याने माझ्यासाठी एक खुर्ची सुलटी केली, पुढ्यात बिअर आणि ऑलिव्हची वाटी ठेवली, आणि दोन तास माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नऊच्या ठोक्याला आला आणि म्हणाला, “बोल, काय आणू?” जणू मी आत्ताच दारातून आलो होतो.

उशिराच्या जेवणाबद्दल त्याचं तत्त्वज्ञान पक्कं होतं. “आम्ही उशिरा जेवत नाही, आमचं घड्याळ पुढे आहे. १९४० मध्ये फ्रँकोने ते बर्लिनच्या वेळेला लावलं आणि पुढे कुणी मागे घेतलंच नाही. आम्ही सूर्याप्रमाणे जेवतो.” यातला घड्याळाचा भाग खरा आहे. पण तास वजा केला तरी नऊचे आठच होतात. मग साडेदहाला पोराबाळांसकट जेवायला येणारी कुटुंबं कुठल्या सूर्याप्रमाणे चालतात, हे विचारायचं मी टाळलं. नवा भाडेकरू होतो.

हेफे मूळचा गालिसियाचा, म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला. तिथल्या माणसाबद्दल बाकीचे स्पॅनिश म्हणतात की तो जिन्यात भेटला, तर चढतोय की उतरतोय ते सांगता येत नाही. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायचं, आणि अगदीच गळ्याशी आलं तर ‘देपेंदे’ म्हणायचं. म्हणजे ‘ते अवलंबून आहे!’ “आज ऑक्टोपस कसा आहे?” असं विचारलं की तो म्हणे, “देपेंदे. तुला आवडतो का?”

हा ऑक्टोपस म्हणजे त्या खानावळीचं कुलदैवत. आबुएलाकडे तांब्याचा एक भला मोठा हंडा होता. त्यात पाणी खळखळायला लागलं की ती ऑक्टोपसचं डोकं धरून त्याला आत बुडवायची आणि लगेच वर काढायची. पुन्हा बुडी, पुन्हा वर. असं तीनदा झालं की मगच त्याला शिजायला सोडायची. तिसऱ्या बुडीपर्यंत त्याचे पाय चकलीसारखे वळून यायचे. या विधीला तिथे ‘घाबरवणं’ म्हणतात. तीनदा घाबरवलं की साल सुटत नाही. मग कात्रीने लाकडी ताटलीतच तुकडे करायचे, वर खडे मीठ, लाल मिरचीची पूड आणि ऑलिव्हचं तेल.

वर्षभर निरीक्षण केल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या घरात गिऱ्हाईकही ह्याच पद्धतीने शिजवतात. तीनदा घाबरवायचं. टिकला तर मऊ पडतो.

पहिली बुडी वेळेची. ती मी खाल्लीच होती. दुसरी मागणीची. दुपारी तिथे ‘मेनू देल दिया’ असायचा: पहिलं ताट, दुसरं ताट, मग गोड किंवा कॉफी, सोबत पाव आणि वाईनचा पेला, सगळं ठरल्या पैशात. साठच्या दशकात मानुएल फ्रागा हे पर्यटनमंत्री असताना प्रवाशांसाठी अशा ठरलेल्या जेवणाची सक्ती सुरू झाली. फ्रागा गालिसियाचे. त्यामुळे हेफे ही योजना घरच्या कार्यासारखी चालवायचा, पंगतीत वाढप्याला दम देतात तशी. कुणी “पहिल्याऐवजी दोनदा दुसरं चालेल का?” असं विचारलं की तो आत ओरडून आईलाच विचारायचा आणि आतून नुसता झाऱ्याचा आवाज यायचा. त्याचा अर्थ नाही.

रात्री कुणी प्रवाशाने पाएया मागितली की हेफे हात जोडायचाच बाकी राहायचा. “पाएया वालेन्सियाची, आम्ही गालिसियाचे. आम्ही करतो ती गुरुवारी, तीही दुपारी. रात्री भात खाऊन झोपतं कोण?” माझ्या डोळ्यांपुढे अख्खं कोकण उभं राहिलं, पण मी गप्प बसलो.

तिसरी बुडी बिलाची. जेवण झाल्यावर टेबलाशीच रेंगाळून गप्पा मारण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्यात बिल आणणं म्हणजे पाहुण्याला ‘निघा आता’ म्हणणं. म्हणून ते मागितल्याशिवाय येत नाही, आणि हेफेकडे मागितल्यावरही येत नसे. एकदा एका प्रवाशाचा संयम संपला. भिंतीवर तक्रारीचे फॉर्म मिळतील अशी पाटी होती. कायद्याने ती लावावीच लागते. गृहस्थाने पाटीकडे बोट दाखवलं. हेफेने मुकाट्याने फॉर्म काढला, कानावरची पेन्सिल परत ठेवून खिशातलं चांगलं पेन दिलं आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

“काय लिहितोयस?”

“बिलासाठी चाळीस मिनिटं थांबलो.”

“पन्नास,” हेफे म्हणाला. “मी बघत होतो.”

गृहस्थ त्याच्याकडे पाहतच राहिला. तेवढ्यात आतून आबुएलाने बदामाच्या केकचा तुकडा पाठवला, ‘तार्ता दे सान्तियागो’, वर पिठीसाखरेत संताचा क्रूस उमटवलेला. फॉर्म अर्धाच राहिला. पण दुसऱ्या कुणाला तो केक गेला नसता आणि मागितला असता तर मिळालाही नसता. ज्याला मिळाला त्याने गावभर कौतुक केलं असेल, शेजारच्या टेबलाने बोटं मोडली असतील. दोघंही खरंच बोलत होते.

याचा अस्सल पुरावा माझ्या घरातूनच मिळाला. जूनमध्ये डोंबिवलीहून मामा-मामी आले. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहिल्यापासून मामीने स्पेनचा ध्यास घेतला होता. मामी पक्की शाकाहारी, अंडंही नाही. मामा घरात शाकाहारी.

मामांनी बसल्या बसल्या चुटकी वाजवून “एक्स्क्यूज मी!” म्हटलं. त्या क्षणी हेफेला बहिरेपण आलं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. मी आत जाऊन आबुएलाला समजावलं: मांस नको. ती हो म्हणाली आणि फरसबीची भाजी पाठवली. भाजीत गुलाबी तुकडे चमकत होते.

“आबुएला, यात मांस आहे!”

“मांस कुठाय?” ती खरोखरच गोंधळली. “हामोन आहे.”

डुकराची खारवलेली तंगडी तिच्या लेखी मांस नव्हतीच. आपण फोडणीत हिंग घालतो आणि तो जमेस धरत नाही, तसं. मामीने ताटली हातभर लांब सरकवली. ती थेट मामांपुढे जाऊन थांबली. “अन्न टाकू नये,” असं म्हणत मामांनी मोठ्या नाइलाजाने ती पुसूनपासून संपवली.

मग मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, हामोनसुद्धा नाही, अशी यादी मी पुन्हा वाचली. आबुएलाने मामीकडे कणवेने पाहिलं आणि हळूच विचारलं, “कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?”

शेवटी ती स्वतः बाहेर आली. तळलेले बटाटे, टोमॅटो, पाव आणि पाद्रोनच्या मिरच्या. पाद्रोन हे गालिसियातलं गाव. करंगळीएवढ्या हिरव्या मिरच्या देठासकट तेलात परतायच्या आणि वर खडे मीठ. बहुतेक मिळमिळीत, पण मधूनच एखादी जहाल. कुठली, ते पिकवणाऱ्यालाही ओळखता येत नाही. पाद्रोनच्या मिरच्या काही तिखट, काही नाहीत, अशी तिथे म्हणच आहे. तिथल्या साधूंनी हे बी अमेरिकेतून आणलं म्हणतात. आपल्याकडेही मिरची अमेरिकेतूनच आली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. म्हणजे तशी चुलत घराणीच.

आबुएला मामीच्या शेजारी उभी राहून तिचा घास न् घास मोजत होती. सहाव्या मिरचीला मामी थांबली, नाक ओढलं आणि म्हणाली, “आमच्याकडे याला तिखट म्हणत नाहीत.” डोळे मात्र वाहत होते. बदला म्हणून तिने पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली आणि एक फोड आबुएलाच्या तळहातावर ठेवली. म्हातारीने ती तोंडात टाकली आणि पूर्ण मिनिटभर भिंतीकडे पाहत उभी राहिली. मग हात पुढे केला. फोडीसाठी नव्हे, बाटलीसाठी.

परतताना मामा म्हणाले, “जेवण एक नंबर. मालक मात्र उर्मट.” मामी म्हणाली, “जेवण काही खरं नाही बाई. पण माणसं किती प्रेमळ!” टेबल एक, वेळ एक, बिल एक.

हॉटेलात सगळ्यांना सारखं मिळतं, कारण तिथे आपण कुणीच नसतो. हेफेची नऊ टेबलं म्हणजे घर होतं, आणि घरात कधी सगळ्यांना सारखं मिळालंय? जावयाला तूप वेगळं, भाच्याला वेगळं, आणि न सांगता आलेल्याला चहा.

माझी त्या घरातली बढती मला सेवेच्या घसरणीवरून कळली. दुसऱ्या महिन्यात ऑलिव्हची वाटी बंद झाली. चौथ्या महिन्यात माझा पेला मीच काउंटरवरून आणू लागलो. हिवाळ्यात, “हेफे, पाणी!” म्हटल्यावर उत्तर आलं, “नळ कुठे आहे ते माहीत नाही का तुला?” वसंतात एका रविवारी मुलगा परीक्षेला गेला होता, तर दोन टेबलांचे बटाटे मीच पोचवले. एका टेबलाने माझ्याकडे तक्रारही केली की फार वेळ लागला. मी म्हणालो, “देपेंदे.”

एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही: पाव. दुपारच्या जेवणात तो धरलेला असे, पण रात्री हेफे कागदी टेबलक्लॉथवर पेन्सिलीने हिशेब मांडायचा आणि शेवटी हमखास ‘पाव, दीड युरो’ लिहायचा. मी मागितला नसला तरी, खाल्ला नसला तरी. आमचा तेवढा एकच कायमचा वाद होता. तो पहिल्या दिवशी सुरू झाला आणि तडजोडीची कुठलीही चिन्हं कधी दिसली नाहीत. लोणच्याचंही तसंच. बाटली आत फळीवर सान्तियागोच्या तसबिरीशेजारी विराजमान झाली होती. मी एकदा फोड मागितली. “ते आमचं,” हेफे म्हणाला.

जुलैच्या शेवटच्या दिवशी माझी खोली सोडायची होती. दुसऱ्या दिवसापासून हेफेही महिनाभर गावी जाणार होता. ऑगस्टात माद्रिदमधल्या अशा कितीतरी घरांना कुलूप लागतं. निरोप घ्यायला मी खाली उतरलो, तर संध्याकाळचे साडेसात. खुर्च्या उलट्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मंडळी जेवत होती. हेफे दारावर सुट्टीचा कागद चिकटवत होता.

“जेवायला मिळेल?” मी सवयीने विचारलं.

त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. एक खुर्ची सुलटी केली आणि कोपऱ्यातल्या टेबलाला लावली.

मसुराचीच आमटी होती. त्यात काय काय तरंगत होतं ते मामीला कळवण्यासारखं नव्हतं. मध्ये मिरच्यांची ताटली, आणि माझ्या ताटाच्या कडेला, कुणी काही न बोलता, लोणच्याची एक फोड. बाटलीच्या तळाची असावी. मी एकामागून एक मिरच्या खात होतो, सगळ्या मिळमिळीत. आठवी की नववी अशी निघाली की कानशिलं तापली आणि डोळ्यांना धार लागली. आबुएलाने ते पाहिलं. तिचा समज वेगळाच झाला. ती उठली, माझं डोकं कुशीत घेतलं आणि ॲप्रनला डोळे पुसत काहीतरी गालिसियन पुटपुटत राहिली. हेफेची बायको रडली. मुलगाही दुसरीकडे बघू लागला. मिरचीचं सांगण्यासाठी मी तोंड उघडलं खरं, पण तोवर सांगायला उशीर झाला होता, आणि आता नुसत्या मिरचीचंच होतं असंही म्हणवेना.

निघताना मी पाकीट काढलं. हेफेने हात झटकला. घरच्या टेबलाचे कसले पैसे! मग जरा थांबून त्याने कानावरची पेन्सिल काढली, टेबलावरच्या कागदाचा कोपरा फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिला.

‘पाव, दीड युरो.’

“हेफे, आजसुद्धा?”

“बाकी सगळं घरचं होतं,” तो म्हणाला. “पाव विकतचा.”