मेतकूट घेतलं, कार्ड राहिलं

हिंगोलीहून कोणी पहिल्यांदा नायजेरियातल्या लागोसला निघालं, की घरात तयारी सुरू होते ती पोटाची. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, आणि ‘तिकडं काय मिळतंय कुणास ठाऊक’ म्हणून दोन किलो बाजरीचं पीठ. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातली, तेव्हा हे पीठ चाललंय ते माहेरीच. भुईमुगालाही तिकडे तोटा नाही. खरी तयारी एका पिवळ्या कार्डात असते, आणि ती सगळ्यात शेवटी आठवते. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि त्या कार्डावरचं प्रमाणपत्र लागू व्हायला 10 दिवस लागतात; आदल्या रात्री धावपळ करून काही उपयोग नाही.

यावर कुणी म्हणेल, मुलूखच रोगट, भीती वाटणारच. मलेरियाची भीती रास्त आहे. पण त्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आणि मच्छरदाणी हा इलाज आहे. बॅगेतल्या अंगाऱ्याला डास जुमानत नाही. पीतज्वराचं म्हणाल, तर कार्डाविना परतणाऱ्याला आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. कारण हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास इथे सुखात आहे: नळ रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या ड्रमात, उन्हाळा सरला तरी न उपसलेल्या कूलरमध्ये. डेंग्यूही तोच पसरवतो. पीतज्वराला हिंगोलीत उतरायला एक प्रवासी तेवढा कमी आहे. राहण्याजेवणाची सोय आपण केव्हाच करून ठेवली आहे.