आडवाटकर

आडवाटकरांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण सोसायटीत ते आता कुणी वापरत नाही. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट दोन दिवस बंद पडली तर सेक्रेटरीच्या दारात जाऊन उभे राहतात. पण एखाद्या पाड्यावर बायका दीड मैलावरच्या झऱ्यावरून पाणी आणतात असं कळलं, की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते लगेच विचारतात, "तिथे राहायची सोय होईल का?"

असा माणूस हल्ली प्रत्येक इमारतीत एक तरी सापडतो. पूर्वी सुट्टीत लोक मामाच्या गावाला जायचे. पुढे मामानेच गावची जमीन विकून शहरात टू बीएचके घेतला, तेव्हा गाव भाड्याने घेण्याची वेळ आली आणि ही जमात जन्माला आली. हिची काही लक्षणं ठरलेली आहेत. खिशांची पँट, टवके गेलेला इनॅमलचा मग (टवके नवा घेतानाच पडलेले असतात), कपाळावर बांधायचा दिवा. 'रिसॉर्ट' हा शब्द ती शिवीसारखा उच्चारते. महाबळेश्वरला तिने पाय ठेवून तप उलटलं, माथेरानला घोडे असतात म्हणून जायचं नाही, लोणावळ्याचं तर नावच काढायचं नाही. आणि एखादी जागा सापडली की ती चारशे माणसांना कळवते, खाली लिहिते : कृपया कुणाला सांगू नका.

तोरणमाळचा शोध आडवाटकरांना असाच लागला. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या खालोखाल थंड हवेचं ठिकाण म्हणून ते सांगितलं जातं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. त्यातलं 'खालोखाल' त्यांना फार आवडलं. पहिल्या नंबरावर काय कुणीही जातं! नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे ११५० मीटर उंचीवरचं पठार, खाली दरीपलीकडे मध्य प्रदेश. सौभाग्यवतींनी विचारलं, "नंदुरबार म्हणजे गुजरातेत ना?" तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. धुळे जिल्ह्यातून नंदुरबार १९९८मध्ये वेगळा झाला, त्याला इतकी वर्षं लोटली आणि तरी बायकोला तो कुठे आहे ते माहीत नाही, म्हणजे जागा अजून शाबूत आहे!

सोबत म्हणून मला नेलं. फोटोत आडवाटकर स्वतः यायला हवेत, तर कॅमेऱ्यामागे कुणीतरी लागतंच.

एप्रिल संपत आलेला. शहाद्याला उतरलो तेव्हा डांबर मऊ झालं होतं. तिथून वर पन्नासेक किलोमीटर. जीपवाला अहिराणी बोलणारा. त्याने आरशातून आमच्या पिशव्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तठे काय शे देखाले?" आडवाटकर म्हणाले, "काही नाही, म्हणूनच चाललोय." जीपवाल्याने पुढे म्हसावद गाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही. घाट सुरू झाला तेव्हा मात्र आडवाटकर प्रत्येक वळणावर गाडी थांबवायला लागले. तोरणमाळच्या घाटाला 'सात पायरी' म्हणतात. एकावर एक रचलेली वळणं वरून खरोखर पायऱ्यांसारखी दिसतात. उन्हाळा असून वाऱ्यात गारवा आला. "बघ," ते म्हणाले, "इथवर कुणीच येत नाही."

येत नाही कसं? महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला याच घाटातून महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश अशा तीन राज्यांची माणसं चढतात, कित्येक जण अनवाणी. पिढ्यान्‌पिढ्या चढताहेत. पठारावरच्या मोठ्या तलावाला यशवंत तलाव असं रीतसर नाव आहे, पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, तलावात होडी आहे. मी हे सगळं आडवाटकरांना दाखवलं. ते म्हणाले, "हं. पण *आपल्यातलं* कुणी येत नाही." आपल्यातलं म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. आपण दोघं, बहुधा.

महामंडळाच्या निवासस्थानाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पठारापासून जरा खाली, एका पाड्यावर कुणाच्या तरी ओळखीने राहण्याची सोय लावली होती. पावरा आदिवासींची वस्ती शहरासारखी भिंतीला भिंत लावून नसते. ज्याचं घर त्याच्या शेतात, हाकेच्या अंतरावर दुसरं. घर कुडाचं : सागाचे खांब, बांबूच्या कामट्यांच्या विणलेल्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं. अर्धं घर माणसांचं, अर्धं गुरांचं. कोपऱ्यात धान्याची बांबूची कणगी, पोटाने मोठी. आडवाटकर दारातच थबकले. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "श्वास घेते रे ही भिंत!" भिंतीपलीकडून बैलाने मोठा उच्छ्वास टाकला. इतक्या तत्परतेने कुठल्या रिसॉर्टने दाद दिली असती?

घरधनी तिशीचा, आश्रमशाळेत शिकलेला, मराठी स्वच्छ. "या साहेब," म्हणाला. आडवाटकरांना ते खपलं नाही. "साहेब नको. दादा म्हणा, घरचंच समजा." "बरं, दादासाहेब," तो म्हणाला, आणि शेवटपर्यंत दादासाहेबच म्हणत राहिला. त्यात किती आदर आणि किती गंमत हे त्याच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही.

इथून खरी अडचण सुरू झाली. पाहुणे पुण्याचे, म्हणून त्या भल्या माणसाने तयारी केली होती. शेजाऱ्याकडून टेबलफॅन आणला होता, दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, शहाद्याहून बाटलीबंद पाण्याचं खोकं मागवलं होतं. आडवाटकरांनी पंखा परत पाठवला. खुर्च्या फोटोत येत होत्या म्हणून घरामागे ठेवायला लावल्या. पाणी झऱ्याचंच हवं म्हणाले. (रात्री पुडी फोडून औषधाच्या दोन गोळ्या त्यात टाकल्या, पण ते माझ्या एकट्यासमोर.)

जेवणाच्या वेळी तर कमाल झाली. घरात गॅसची शेगडी होती, त्यावर घरधनीण पुऱ्या तळत होती. शेजारी पातेल्यात पांढराशुभ्र भात. आडवाटकर हादरलेच. "चूल नाही का? आणि ज्वारीची भाकरी? मोर, बंटी असलं काही भरड धान्य?" ती बिचारी आत गेली आणि नवऱ्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. तो बाहेर येऊन काळजीने विचारू लागला, "दादासाहेबांची तब्येत बरी नाही का? पुरी पचत नसंल तर पेज करून देतो."

त्या घरात गहू पाहुण्यासाठी येतो. भाकरी रोजची, ती कुणी पाहुण्याच्या ताटात वाढत नाही. आडवाटकर साडेचारशे किलोमीटर आले ते नेमकं ते रोजचं खायला, आणि घरची मंडळी ते लपवायला धडपडत होती. शेवटी चूल पेटली. ओलसर लाकूड, खोलीभर धूर. आडवाटकर नाकाडोळ्यांतून पाणी गाळत म्हणाले, "ही चव गॅसवर येणार नाही." उडदाची डाळ आणि भाकरी खरंच उत्तम होती, खोटं कशाला बोला. पण सिलिंडर भरून आणायला त्या बाईला किती खटपट पडते आणि ती धुराला किती वर्षं वैतागली आहे, हे तिने चुलीपाशी फुंकणी ज्या आवाजात टाकली त्यावरून मला कळलं. आडवाटकरांना ऐकू आलं नाही. ते व्हिडिओ काढत होते.

दुसऱ्या दिवशी निसर्ग. सीताखाईच्या कड्यावर गेलो. पावसाळ्यात इथून पाणी कोसळतं, एप्रिलात नुसता काळा कातळ आणि खाली खोल दरी. मी म्हटलं, धबधबा तर आटलाय. आडवाटकर म्हणाले, "पाणी नसलेला धबधबा जास्त प्रामाणिक असतो." मच्छिंद्रनाथाची गुहा पाहिली. वाटेत घरधन्याच्या पोराने झुडपातून वाटाण्याएवढी पांढरी तोरणं काढून दिली. गर थोडा, बी मोठी, पण गोड. याच झाडांवरून डोंगराला नाव पडलं असं सांगतात. आडवाटकरांनी एक एक फळ सूर्यप्रकाशात धरून पाहिलं आणि 'फोरेजिंग' असं काहीतरी म्हणाले. पोराने ओंजळभर एकदम तोंडात टाकली आणि बिया लांब थुंकून दाखवल्या.

पण त्यांचा मोठा शोध आमचूर. धडगाव-अक्राणीच्या या भागात उन्हाळ्यात घराघरांत आमचूर होतं. अंगणात आजी बसली होती, समोर कैऱ्यांचा ढीग. एका हाताने कैरी फिरवायची, दुसऱ्या हातातल्या पात्याने साल उतरवायचं, मग गर कोयीभोवतीने पातळ कापत जायचा. हात थांबत नव्हता आणि नजर कैरीवर नव्हतीच, आमच्यावर होती. कापट्या कौलांवर, खडकावर, जुन्या लुगड्यावर पसरलेल्या. जेवढी कापटी पांढरी तेवढा भाव बरा. वळिवाची एक सर आली की सगळ्या काळ्या पडतात आणि व्यापारी निम्म्यानेही उचलत नाही. त्यामुळे सगळ्या घराचा एक डोळा आभाळावर.

"ऑरगॅनिक आहे का?" आडवाटकरांनी विचारलं.

आजीला पावरीच येते. नातवाने तिला पावरीत सांगितलं. आजी बराच वेळ विचार करून काहीतरी बोलली. नातू म्हणाला, "आजी म्हणते, आंब्याला रोग होता का, असं विचारतायत का?"

बाजाराच्या दुप्पट भाव देऊन त्यांनी पाच किलो घेतलं. माणूस दिलदार आहे, हे कबूल करायला हवं, घासाघीस करत नाही. चारोळीही घेतली. नंदुरबारची मिरची घेतली. डाब गावाला स्ट्रॉबेरी पिकते असं कळल्यावर तर तिकडे निघालेच होते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ते तोंडाला लावत नाहीत, पण डाब म्हणजे शोध. हंगाम संपलाय हे समजावून थोपवलं.

संध्याकाळी बाजेवर बसून ते घरधन्याला म्हणाले, "तुमच्याकडे वीज आली ना, ती यायला नको होती. आकाश मेलं. याहून आत, जिथे दिवे नाहीत असं एखादं गाव सांगा." घरधनी जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खाली नर्मदेकडे बिलगाव आहे दादासाहेब. सरकारी वीज येईना म्हणून लोकांनीच ओढ्याच्या पाण्यावर वीज केली होती, दोन हजार तीनमध्ये. घरोघर दिवे. मग सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि सगळं बुडालं. तीन वर्षंच चाललं. तिकडे विचारून बघा, अंधारात कसं वाटतं ते चांगलं सांगतील." आडवाटकरांनी वहीत 'बिलगाव' लिहून घेतलं. पुढे कंसात 'अंधार' असंही लिहिलेलं मी पाहिलं.

त्या रात्री शेजारच्या पाड्यावर लग्न होतं. आडवाटकर हरखले : मांदळ, ढोल, बासरी, चांदण्यात फेर. नवा कुर्ता घालून आणि कपाळाला दिवा बांधून निघाले. पिकअपवर माणसाच्या उंचीचे भोंगे रचले होते आणि टिमलीची नाचाची धून अशी वाजत होती की कणगीतले दाणे उडत असावेत. पोरं एका रांगेत, खांद्याला खांदा, पायांचा ठेका एकसारखा. आडवाटकर दोन मिनिटं कपाळाला हात लावून उभे राहिले. "डीजे!" म्हणाले. "हे लोक स्वतःचं सगळं घालवून बसणार." तेवढ्यात रांगेतल्या दोघांनी त्यांचे हात धरून आत ओढलं. त्यानंतर तासभर त्यांच्या कपाळावरचा दिवा रांगेत वरखाली हलताना मला लांबून दिसत होता. लग्नात माणूस सुटला म्हणजे सुटतो, त्याला जातपात नाही आणि मतंही नाहीत.

निघण्याच्या सकाळी घरामागे खुर्च्यांच्या पलीकडे विटांचा ढीग आणि वाळू आडवाटकरांच्या नजरेला पडली. घरकुल मंजूर झालं होतं. पावसाआधी जोतं उठवायचं होतं. आडवाटकर अक्षरशः कासावीस झाले. "अहो, हे घर पाडू नका! ही तुमची संस्कृती आहे. सिमेंटमध्ये जीव गुदमरतो. आम्ही तेच तर सोडून इथे येतो."

घरधन्याने शांतपणे विचारलं, "सोडून म्हणजे, तुम्ही ते विकलं?"

"तसं नाही. आहे ना. फ्लॅट आहे."

"मग बरं." तो पुढे म्हणाला, "दादासाहेब, कौलं दर सालाला चाळावी लागतात. माकडं येऊन फोडतात. कामट्यांना भुंगा लागतो, लेप पावसात गळतो. तुम्ही एक करा, जुलैत या. आठ दिवस राहा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

जुलैत आडवाटकरांच्या ऑफिसात फार काम असतं.

दिवाळीच्या सुमाराला घरधन्याचा त्यांना फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर टाकून मलाही ऐकवला. नवं घर झालं, स्लॅब पडला, आता सगळे तिकडेच राहतात. आजीला फरशी गार लागते म्हणून ती कुरकुरते, बाकी मजेत. जुनं घर मात्र पाडलं नाही, दादासाहेबांसारख्या पाहुण्यांसाठी ठेवलंय. नव्या घरातली खोली पाचशे रुपये, पंखा आणि पुरी-भाजी धरून. कुडाच्या घरात राहायचं तर पंधराशे, पंखा मिळणार नाही. चुलीवरचं जेवण हवं असेल तर त्याचे वेगळे, कारण बायको म्हणते धुराचे पैसे लागतील.

आडवाटकरांनी फोन ठेवला आणि सुस्कारा सोडला. "बिघडलं तेही ठिकाण," म्हणाले. मग वही काढून बिलगावचं पान उघडलं, आणि मला विचारलं, तुला डिसेंबरात सुट्टी मिळेल का.